स्पार्क-रेनो एसआरटी ०१ई

स्पार्क-रेनो एसआरटी ०१ई ही फॉर्म्युला ई या विजेवर चालणाऱ्या मोटारशर्यत मालिकेसाठी तयार करण्यात आलेली एकआसनी, उघड्या चाकांची शर्यतगाडी आहे. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने मान्यता दिलेल्या पहिल्या विद्युत एकआसनी मालिकेची ही पहिली गाडी होय. फ्रान्समधील स्पार्क रेसिंग टेक्नॉलॉजी या कंपनीने तिची निर्मिती केली. चॅसी इटलीच्या दल्लारा कंपनीने, मोटार व विद्युत-नियंत्रण यंत्रणा ब्रिटनच्या मॅक्लारेन समूहाने, बॅटरी विल्यम्स समूहाच्या विल्यम्स ॲडव्हान्स्ड इंजिनिअरिंगने, गिअरपेटी ह्यूलँडने आणि टायर मिशेलिनने पुरवले. या सर्व भागांचा मेळ घालण्याच्या कामात रेनो ही तांत्रिक भागीदार होती. गाडीच्या नावातील 'एसआरटी' ही अक्षरे निर्मात्या कंपनीच्या नावाची आद्याक्षरे आहेत.

२०१४-१५ ते २०१७-१८ या चार हंगामांत मिळून ४५ शर्यती या पिढीच्या गाड्यांनी धावल्या. गाडीतील बॅटरी पूर्ण शर्यत पुरत नसल्यामुळे प्रत्येक चालकाला एका शर्यतीसाठी दोन गाड्या दिल्या जात आणि शर्यतीच्या मध्यावर तो एका गाडीतून उतरून दुसरीत बसत असे. गाडीच्या रचनेतील आणि शर्यतीच्या नियमांतील बहुतेक निर्णय बॅटरीच्या या मर्यादेशी जोडलेले आहेत.

## पार्श्वभूमी

विजेवर चालणाऱ्या मोटारगाड्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसही रस्त्यावर होत्या. १८९९ मध्ये बेल्जियमच्या कामिय जेनात्झी याने 'ला जमे कोंतांत' या विद्युत गाडीतून ताशी १०० किलोमीटरचा वेग प्रथमच ओलांडला. परंतु पेट्रोल इंजिनांची झपाट्याने प्रगती झाली आणि मोटारशर्यतीच्या क्षेत्रातून विद्युत गाड्या जवळजवळ शतकभर बाहेर राहिल्या. वेग हे त्याचे कारण नव्हते. साठवलेली वीज फार लवकर संपत असे.

लिथियम-आयन बॅटऱ्यांच्या प्रसारानंतर हे चित्र बदलू लागले. २०१० च्या पॅरिस मोटार प्रदर्शनात फॉर्म्युलेक या फ्रेंच कंपनीने 'ईएफ०१' ही विद्युत एकआसनी गाडी मांडली. पुढे फॉर्म्युला ई मालिकेच्या सुरुवातीच्या प्रात्यक्षिकांसाठी हीच गाडी वापरण्यात आली.

महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष ज्याँ तॉद आणि स्पॅनिश उद्योजक अलेहांद्रो आगाग यांच्यात २०११ मध्ये पॅरिस येथे झालेल्या भेटीतून या मालिकेची कल्पना आकाराला आली. ऑगस्ट २०१२ मध्ये महासंघाने आगाग यांच्या फॉर्म्युला ई होल्डिंग्ज या कंपनीला मालिकेचे हक्क दिले. शर्यती बंदिस्त धावपट्टीऐवजी मोठ्या शहरांच्या मध्यवर्ती रस्त्यांवर घ्याव्यात, असे ठरले. शहरी वाहतुकीसाठी विद्युत गाडी योग्य आहे हे लोकांपुढे मांडणे हा त्यामागील उद्देश होता. शिवाय शहरी मार्गांवर वळणे पुष्कळ आणि सरळ पट्टे आखूड असल्यामुळे वेग वारंवार कमी करावा लागतो. वेग कमी करताना गाडी काही ऊर्जा परत मिळवू शकते, त्यामुळे असा मार्ग मर्यादित बॅटरीच्या गाडीला अधिक मानवतो.

## विकास

पहिल्या हंगामासाठी सर्व संघांना एकसारखी गाडी द्यावी, असा निर्णय झाला. नव्या तंत्रज्ञानात प्रत्येक संघाने स्वतंत्र गाडी बनवायची म्हटली असती तर खर्च बेसुमार वाढला असता आणि काही संघ पहिल्याच शर्यतीत मागे पडले असते. २०१२ मध्ये स्पार्क रेसिंग टेक्नॉलॉजीकडे ४२ गाड्यांची मागणी नोंदवण्यात आली. दहा संघ, प्रत्येक संघाचे दोन चालक आणि प्रत्येक चालकाच्या दोन गाड्या, असा ४० गाड्यांचा हिशेब त्यामागे होता. उरलेल्या दोन गाड्या चाचण्यांसाठी होत्या. स्पार्कचे प्रमुख फ्रेदेरिक वास्यूर हे त्याआधी कनिष्ठ गटांच्या शर्यतींतील एआरटी ग्रां प्री या संघाचे संस्थापक म्हणून ओळखले जात. पुढे २०२३ मध्ये ते फेरारीच्या फॉर्म्युला वन संघाचे प्रमुख झाले.

सप्टेंबर २०१३ मध्ये फ्रँकफुर्ट मोटार प्रदर्शनात गाडीचे अनावरण झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस फ्रान्समधील ला फेर्ते-गोशे येथील मार्गावर ब्राझिलियन चालक लुकास दि ग्रासी याने ती प्रथम चालवून पाहिली. या चाचणीत मोटारीची पूर्ण शक्ती वापरण्यात आली नव्हती. जानेवारी २०१४ मध्ये लास व्हेगास येथे गाडीचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. मे २०१४ पासून संघांच्या हाती गाड्या पडू लागल्या आणि त्या उन्हाळ्यात इंग्लंडमधील डॉनिंग्टन पार्क येथे सर्व संघांच्या एकत्रित चाचण्या घेण्यात आल्या.

शर्यतीत वापरता येणारी कमाल शक्ती सुरुवातीला १३३ किलोवॅट ठरवण्यात आली होती. पहिल्या शर्यतीपूर्वी ती १५० किलोवॅटपर्यंत वाढवण्यात आली. मोटारीची क्षमता मात्र २०० किलोवॅटची होती आणि ती पात्रता फेरीत पूर्णपणे वापरता येई. म्हणजे शर्यतीतील मर्यादा मोटारीमुळे आली नव्हती, ती बॅटरीतील साठा पुरवण्यासाठी घातलेली होती.

## रचना

### चॅसी

गाडीचा सांगाडा म्हणजे कार्बन फायबर व ॲल्युमिनियम यांचा मोनोकॉक आहे. अमेरिकेतील इंडीकार आणि युरोपातील जीपी२ या मालिकांच्या चॅसी बनवण्याचा अनुभव दल्लाराकडे होता. मोनोकॉकमध्ये पुढे चालकाची जागा, त्याच्या पाठीमागे बॅटरीचा कप्पा आणि त्यामागे मोटार व गिअरपेटी अशी मांडणी आहे. पेट्रोलवरील शर्यतगाडीत शर्यत पुढे सरकेल तसे इंधन संपून गाडी हलकी होत जाते. विद्युत गाडीचे वजन आरंभापासून अखेरपर्यंत तेवढेच राहते. त्यामुळे निलंबन आणि टायर यांच्यावरील भार शेवटच्या फेरीपर्यंत कमी होत नाही.

चालकासह गाडीचे किमान वजन ८८८ किलोग्रॅम होते. हवेचा दाब वापरून गाडी जमिनीला चिकटवून ठेवणारे पंख पुढे व मागे आहेत, तथापि फॉर्म्युला वन गाडीच्या तुलनेत त्यांचा प्रभाव कमी ठेवण्यात आला. मोठ्या पंखांमुळे हवेचा विरोध वाढतो आणि तो भेदण्यासाठी बॅटरीतील ऊर्जा खर्च होते. संघांना पंखांच्या आकारात बदल करण्याची मुभा नव्हती. संघांनी पैसा वायुगतिकीवर खर्च न करता रस्त्यावरील गाड्यांनाही उपयोगी पडणाऱ्या विद्युत यंत्रणेवर खर्च करावा, हा त्यामागील हेतू होता.

### बॅटरी

लिथियम-आयन बॅटरीचे एकूण वजन सुमारे ३२० किलोग्रॅम असून त्यातील केवळ सेलचे वजन २०० किलोग्रॅमपर्यंत मर्यादित होते. उरलेले वजन संरक्षक कवच, शीतकरण आणि नियंत्रण यंत्रणा यांचे होते. शर्यतीत एका गाडीला २८ किलोवॅट-तास इतकी ऊर्जा वापरता येई. घरगुती वीज देयकाच्या भाषेत ही २८ युनिट वीज होते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ किलोवॅट-तास रासायनिक ऊर्जा असते. त्या हिशेबाने ३२० किलोची ही बॅटरी सुमारे ३ लिटर पेट्रोलमधील ऊर्जेइतकी ऊर्जा वाहून नेत होती. पेट्रोल इंजिनात ऊर्जेचा मोठा भाग उष्णतेच्या रूपात वाया जातो, तर विद्युत मोटार जवळजवळ सगळी ऊर्जा गतीत बदलते. त्यामुळे प्रत्यक्षातील तफावत काहीशी कमी होते, परंतु मिटत नाही.

बॅटरीची दुसरी मर्यादा तापमानाची होती. बॅटरीतून मोठा प्रवाह घेताना किंवा तिच्यात परत भरताना सेल तापतात आणि ठरावीक तापमानाच्या वर ते वापरणे धोक्याचे ठरते. म्हणून उष्ण हवेच्या ठिकाणी चालकाला उरलेल्या ऊर्जेबरोबर बॅटरीच्या तापमानावरही लक्ष ठेवावे लागे.

बॅटरी पूर्ण भरण्यास तासाभराच्या आसपास वेळ लागत असल्यामुळे शर्यतीदरम्यान ती भरणे शक्य नव्हते. पहिल्या हंगामात गाड्या भरण्यासाठी ग्लिसरिनवर चालणारी जनित्रे शर्यतीच्या ठिकाणी नेली जात. ग्लिसरिन हा जैवडिझेलच्या निर्मितीत मिळणारा उपपदार्थ आहे.

### मोटार आणि गिअरपेटी

मॅक्लारेनने आपल्या 'पी१' या संमिश्र इंधनाच्या रस्त्यावरील गाडीसाठी विकसित केलेल्या मोटारीवर या गाडीची मोटार आधारित होती. सुमारे २६ किलोग्रॅम वजनाची ही मोटार २०० किलोवॅट, म्हणजे सुमारे २७० अश्वशक्ती देई आणि केवळ मागील चाके फिरवी. बॅटरीतील एकदिश प्रवाहाचे मोटारीला लागणाऱ्या प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करण्याचे काम इन्व्हर्टर करतो. गाडी ताशी १०० किलोमीटरचा वेग सुमारे ३ सेकंदांत गाठे आणि तिचा कमाल वेग ताशी २२५ किलोमीटर होता.

विद्युत मोटार थांबलेल्या स्थितीपासूनच पूर्ण जोर देत असल्याने तिला फारसे गिअर लागत नाहीत. असे असूनही मूळ गाडीत पाच गिअरांची पेटी होती आणि सुकाणूचक्रामागील पट्ट्यांनी गिअर बदलले जात. मोटार ज्या फेऱ्यांवर सर्वांत कार्यक्षम असते त्या टप्प्यात ती राखणे हे या गिअरांचे काम होते. पुढील हंगामांत संघांनी स्वतःच्या यंत्रणा बनवल्या तेव्हा गिअरांची संख्या कमी होत गेली.

### टायर आणि ध्वनी

मिशेलिनने या गाडीसाठी १८ इंची चाकांचे, खाचा असलेले टायर बनवले. कोरड्या आणि ओल्या अशा दोन्ही रस्त्यांवर तेच टायर वापरले जात. त्या काळी फॉर्म्युला वनमध्ये १३ इंची चाके आणि हवामानानुसार वेगवेगळे टायर वापरले जात होते. रस्त्यावरील गाड्यांच्या टायरांशी साम्य राखणे आणि शर्यतीमागे नष्ट होणाऱ्या टायरांची संख्या घटवणे असे दोन्ही हेतू त्यामागे होते.

गाडीचा आवाज आयोजकांच्या माहितीनुसार सुमारे ८० डेसिबल होता. मोटारीची तीक्ष्ण शीळ, गिअरांची घरघर आणि टायरांचा रस्त्यावरील घर्षणध्वनी मिळून तो तयार होई. या कमी आवाजामुळेच दाट वस्तीच्या भागात शर्यती घेणे शक्य झाले. इंजिनाच्या गर्जनेची सवय असलेल्या अनेक प्रेक्षकांना मात्र तो निरस वाटला.

### सुरक्षितता

गाडीतील विद्युतदाब जीवघेणा ठरण्याइतका उच्च असल्याने अपघातानंतर वीजप्रवाह आपोआप तोडण्याची व्यवस्था होती. गाडीवरील दिवा हिरवा असेल तरच तिला स्पर्श करणे सुरक्षित मानले जाई. मदतनीसांना विद्युतरोधी हातमोजे दिले जात. गाडी धोकादायक अवस्थेत असल्यास चालकाने गाडी व जमीन यांना एकाच वेळी स्पर्श न करता दोन्ही पायांनी उडी मारून बाहेर पडावे, असे शिकवले जाई.

## ऊर्जेचे नियोजन

शर्यतीत १५० किलोवॅटची पूर्ण शक्ती अखंड वापरली तर २८ किलोवॅट-तास ऊर्जा सुमारे ११ मिनिटांत संपते. दोन गाड्या धरल्या तरी हा काळ साडेबावीस मिनिटांच्या पुढे जात नाही. शर्यती मात्र पाऊण तासाहून अधिक चालत. वळणांवर पूर्ण शक्ती लागत नाही हे लक्षात घेतले तरी काही ऊर्जा वाचवल्याशिवाय आणि काही परत मिळवल्याशिवाय शर्यत पूर्ण करणे शक्य नव्हते.

ऊर्जा परत मिळवताना मोटार उलट भूमिकेत, म्हणजे जनित्र म्हणून काम करते आणि गाडीच्या गतीतून वीज तयार करून बॅटरीत भरते. पहिल्या दोन हंगामांत यासाठी १०० किलोवॅटची मर्यादा होती. ८८८ किलोची गाडी ताशी २०० किलोमीटरवरून ५० किलोमीटरवर आणताना सुमारे ०.३६ किलोवॅट-तास गतिज ऊर्जा काढून घ्यावी लागते. चालकाने ऐनवेळी जोरदार ब्रेक दाबून हे काम तीन सेकंदांत केले, तर १०० किलोवॅटच्या मर्यादेत जास्तीत जास्त ०.०८ किलोवॅट-तास ऊर्जा परत मिळते. उरलेली तीन चतुर्थांशांहून अधिक ऊर्जा ब्रेकच्या तबकड्या तापवण्यात आणि हवेचा विरोध भेदण्यात जाते.

यावरून चालकांनी अवलंबलेल्या पद्धतीचे कारण समजते. वळण येण्याच्या बरेच आधी ते ॲक्सिलरेटरवरील पाय काढत, गाडी काही अंतर तशीच वाहू देत आणि सुकाणूचक्रावरील पट्टी ओढून मोटारीकरवी वेग कमी करत. ब्रेकचा वापर शेवटी होई. हवेचा विरोध भेदण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर ती आठपट होते. त्यामुळे सरळ पट्ट्याच्या शेवटच्या भागात, जेथे वेग सर्वाधिक असतो, तेथे वाचवलेली ऊर्जा सर्वाधिक मोलाची असते आणि त्यासाठी गमावलेला वेळ तुलनेने थोडा असतो.

गाडीतील माहिती थेट संघाच्या संगणकांवर पाठवण्यास नियमांनुसार बंदी होती. बॅटरीत किती टक्के ऊर्जा उरली हे चालकच रेडिओवरून सांगत असे आणि त्यावरून संघ पुढील फेऱ्यांचा हिशेब मांडत असे. ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक ऊर्जा वापरणाऱ्या चालकाला दंड होई.

## शर्यतींतील कामगिरी

### पहिली शर्यत

१३ सप्टेंबर २०१४ रोजी बीजिंगमधील ऑलिंपिक उद्यानाच्या परिसरात पहिली शर्यत झाली. अखेरच्या फेरीच्या शेवटच्या वळणावर आघाडीवरील निकोला प्रोस्त आणि त्याला मागे टाकू पाहणारा निक हाइडफेल्ड यांच्या गाड्यांची टक्कर झाली. हाइडफेल्डची गाडी हवेत उसळून कडेच्या कुंपणावर आदळली आणि उलटी झाली. तो स्वतः गाडीतून सुखरूप बाहेर आला. नव्या चॅसीची ही पहिली मोठी कसोटी ठरली. शर्यत दि ग्रासीने जिंकली. तिसरा आलेला डॅनियल अब्ट ऊर्जेची मर्यादा ओलांडल्यामुळे दंड होऊन दहाव्या स्थानी ढकलला गेला आणि तिसरे स्थान सॅम बर्डला मिळाले. ऊर्जेचा हिशेब चुकणे किती महागात पडते, हे पहिल्याच शर्यतीत दिसून आले.

शहरांतील रस्ते आणि त्यांच्या उंच कडा यांचा ताण निलंबनावर पडत असल्याचे पहिल्या हंगामातच लक्षात आले. जानेवारी २०१५ मधील ब्युनॉस आयर्सच्या शर्यतीत सेबास्तियन ब्युएमी आणि दि ग्रासी हे दोघेही आघाडीवर असताना निलंबनाच्या बिघाडामुळे बाहेर पडले.

### गाडीबदल

साधारण निम्म्या शर्यतीनंतर चालक आपल्या गॅरेजमध्ये येई, बेल्ट सोडून बाहेर पडे आणि शेजारी उभ्या असलेल्या पूर्ण भरलेल्या गाडीत बसे. घाईत बेल्ट नीट न बांधताच कोणी निघू नये म्हणून या थांब्यासाठी किमान वेळ ठरवलेला असे. २०१७-१८ च्या हंगामात सँतियागोच्या शर्यतीपासून किमान वेळेची अट काढून टाकण्यात आली आणि चालकांच्या सुरक्षिततेविषयी चर्चा झाली.

दोन गाड्यांच्या पद्धतीमुळे नियमभंगाची शक्यताही दुप्पट झाली. २०१६ च्या मेक्सिको सिटी शर्यतीत पहिला आलेला दि ग्रासी त्याच्या दोन गाड्यांपैकी एक किमान वजनापेक्षा १.८ किलोग्रॅम हलकी भरल्यामुळे बाद ठरला आणि विजय जेरोम दांब्रोसिओ याच्याकडे गेला.

त्याच हंगामाचे विजेतेपदही दुसऱ्या गाडीने ठरवले. जुलै २०१६ मध्ये लंडनच्या बॅटरसी पार्कमधील अंतिम शर्यतीपूर्वी पात्रता फेरीचे गुण मिळून ब्युएमी आणि दि ग्रासी यांचे गुण समान झाले होते. पहिल्याच फेरीत दि ग्रासीची गाडी ब्युएमीच्या गाडीवर मागून आदळली आणि दोन्ही गाड्या निकामी झाल्या. तथापि दोघांच्याही दुसऱ्या गाड्या गॅरेजमध्ये सज्ज होत्या. शर्यत जिंकण्याची आशा उरली नसल्याने दोघांनी केवळ सर्वांत वेगवान फेरीच्या दोन गुणांसाठी त्या बाहेर काढल्या. ते गुण ब्युएमीने मिळवले आणि १५५ विरुद्ध १५३ गुणांनी तो विजेता ठरला.

## हंगामनिहाय बदल

पहिल्या हंगामात सर्व गाड्या पूर्णपणे एकसारख्या होत्या. दुसऱ्या हंगामापासून उत्पादकांना मोटार, इन्व्हर्टर, गिअरपेटी आणि शीतकरण यंत्रणा स्वतः बनवण्याची परवानगी मिळाली. चॅसी आणि बॅटरी मात्र सर्वांची समानच ठेवण्यात आली. यातून निरनिराळे मार्ग पुढे आले. रेनोने दोन गिअरांची यंत्रणा निवडली, तर नेक्स्टईव्ही आणि डीएस व्हर्जिन या संघांनी दोन मोटारी बसवून पाहिल्या. दोन मोटारींच्या गाड्या वजनाला भारी ठरल्या आणि पहिल्या हंगामाचा विजेता नेल्सन पिके ज्युनियर नेक्स्टईव्हीच्या गाडीत बराच मागे पडला. आंद्रेत्ती संघाने स्वतःची यंत्रणा चाचण्यांत अपयशी ठरल्यामुळे मूळ गाडीच पुन्हा वापरली. त्रुल्ली संघाच्या गाड्या पहिल्या दोन शर्यतींतील तपासणीत उत्तीर्ण होऊ शकल्या नाहीत आणि संघाने मालिका सोडली.

| हंगाम | शर्यतीतील कमाल शक्ती | ऊर्जा परत मिळवण्याची मर्यादा | विजेता चालक |
|---|---|---|---|
| २०१४-१५ | १५० किलोवॅट | १०० किलोवॅट | नेल्सन पिके ज्युनियर |
| २०१५-१६ | १७० किलोवॅट | १०० किलोवॅट | सेबास्तियन ब्युएमी |
| २०१६-१७ | १७० किलोवॅट | १५० किलोवॅट | लुकास दि ग्रासी |
| २०१७-१८ | १८० किलोवॅट | १५० किलोवॅट | ज्याँ-एरिक व्हेर्न |

तिसऱ्या हंगामात पुढील पंखाला नवे, दुहेरी रूप देण्यात आले. चारही हंगामांत बॅटरीतील वापरायोग्य ऊर्जा २८ किलोवॅट-तासच राहिली. कमाल शक्ती वाढत गेली तरी साठा तेवढाच होता, म्हणून झालेली प्रगती मुख्यतः मोटार व इन्व्हर्टर यांची कार्यक्षमता, ऊर्जा परत मिळवण्याची वाढलेली मर्यादा आणि नियोजनाच्या आज्ञावली यांतून साधली गेली.

## भारताशी संबंध

मुंबईत मुख्यालय असलेल्या महिंद्रा समूहाचा महिंद्रा रेसिंग हा संघ पहिल्या हंगामापासून या मालिकेत सहभागी आहे. पहिल्या हंगामात भारताचा करुण चांढोक आणि ब्राझीलचा ब्रुनो सेना हे त्याचे चालक होते. बीजिंगच्या पहिल्या शर्यतीत चांढोक पाचवा आला. ऑक्टोबर २०१५ मध्ये बीजिंग येथेच हाइडफेल्डने तिसरे स्थान मिळवून संघाला पहिल्यांदा विजेत्यांच्या मंचावर नेले. जून २०१७ मध्ये बर्लिन येथे फेलिक्स रोझेनक्विस्ट याने संघाचा पहिला विजय मिळवला. त्या हंगामात महिंद्रा संघ सांघिक क्रमवारीत तिसरा आला. या पिढीच्या गाड्यांची शर्यत भारतात कधी झाली नाही. भारतातील पहिली फॉर्म्युला ई शर्यत ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हैदराबादमधील हुसेन सागर परिसरात तिसऱ्या पिढीच्या गाड्यांनिशी झाली.

## उत्तराधिकारी

१५ जुलै २०१८ रोजी न्यू यॉर्क येथील शर्यतीनंतर ही गाडी निवृत्त झाली. तिची जागा स्पार्क एसआरटी०५ई या दुसऱ्या पिढीच्या गाडीने घेतली. नव्या गाडीच्या बॅटरीतील वापरायोग्य ऊर्जा ५२ किलोवॅट-तास, म्हणजे आधीच्या जवळजवळ दुप्पट होती. त्यामुळे एकाच गाडीत पूर्ण शर्यत धावता येऊ लागली आणि गाडीबदल बंद झाला. मोटारीची कमाल शक्ती २५० किलोवॅटपर्यंत वाढली, चालकाच्या डोक्याभोवती 'हेलो' हे संरक्षक कडे आले आणि मागील ब्रेक विद्युत नियंत्रणाखाली आले. नव्या गाडीची पहिली शर्यत डिसेंबर २०१८ मध्ये सौदी अरेबियातील दिरिया येथे झाली. २०२३ पासून वापरात आलेल्या तिसऱ्या पिढीच्या गाडीत पुढील चाकांकडूनही ऊर्जा परत मिळवली जाते आणि ही क्षमता एकूण ६०० किलोवॅट आहे. पहिल्या गाडीच्या सुरुवातीच्या मर्यादेच्या ती सहापट होते.

## मूल्यमापन

गाडीवरील सर्वांत मोठा आक्षेप गाडीबदलाविषयी होता. विद्युत गाडीची वीज वाटेतच संपेल ही सामान्य ग्राहकाची भीती दूर करणे हा मालिकेचा उद्देश होता आणि तीच भीती दर शर्यतीत हजारो प्रेक्षकांसमोर खरी होताना दिसत असे. समवयस्क फॉर्म्युला वन गाड्यांच्या तुलनेत या गाडीचा वेगही बराच कमी होता.

दुसऱ्या बाजूने, उपलब्ध बॅटरीची मर्यादा न लपवता तिच्याभोवतीच नियम आखण्याचा निर्णय मालिकेच्या उभारणीस उपयोगी ठरला. एकसारख्या गाड्यांमुळे शर्यती अटीतटीच्या झाल्या. पहिल्या हंगामाचे विजेतेपद १४४ विरुद्ध १४३ अशा केवळ एका गुणाने ठरले. अनेक मोटार उत्पादक पुढील हंगामांत मालिकेत उतरले. बॅटरी बदलेपर्यंत चार वर्षे तेवढ्याच ऊर्जेत अधिक वेगाने व अधिक अंतर कसे धावावे, हाच संघांपुढील मुख्य प्रश्न राहिला. रस्त्यावरील विद्युत गाड्यांच्या निर्मात्यांपुढेही तोच प्रश्न होता.

## तांत्रिक तपशील

* प्रकार: उघड्या चाकांची एकआसनी विद्युत शर्यतगाडी
* लांबी: ५,००० मिलिमीटर
* रुंदी: १,८०० मिलिमीटर
* किमान वजन: ८८८ किलोग्रॅम (चालकासह)
* चॅसी: कार्बन फायबर व ॲल्युमिनियमचा मोनोकॉक (दल्लारा)
* मोटारीची कमाल शक्ती: २०० किलोवॅट (मॅक्लारेन)
* बॅटरी: लिथियम-आयन, वापरायोग्य ऊर्जा २८ किलोवॅट-तास (विल्यम्स)
* गिअरपेटी: पाच गिअर, क्रमवार (ह्यूलँड)
* चालित चाके: मागील
* टायर: १८ इंची, सर्व हवामानांसाठी (मिशेलिन)
* कमाल वेग: ताशी २२५ किलोमीटर
* पहिली शर्यत: बीजिंग, १३ सप्टेंबर २०१४
* अखेरची शर्यत: न्यू यॉर्क, १५ जुलै २०१८

## हेही पाहा

* फॉर्म्युला ई
* फॉर्म्युला वन
* लिथियम-आयन बॅटरी
* विद्युत वाहन
* महिंद्रा रेसिंग